पावसाळाभर सरसकट ‘प्रेफर्ड लाय’ कशाला?

नियमावर_बोट
गोल्फ क्लबात जूनमध्ये लावलेली प्रेफर्ड लायची नोटीस थेट ऑक्टोबरात उतरते, हा प्रकार बंद व्हावा असं माझं मत आहे. नियम १.१ स्पष्ट आहे: कोर्स जसा असेल तसा आणि बॉल पडेल तिथून खेळायचा. फेअरवेवर (आखूड कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) बॉल उचलून, पुसून ठरलेल्या अंतरात (आपल्याकडे सहा इंच) हव्या त्या जागी ठेवण्याची मुभा देणारा ‘प्रेफर्ड लाय’ म्हणजे ई-३ हा नमुना स्थानिक नियम आहे. कमिटीने तो लावला तरच लागू, आणि परिस्थिती सुधारली की काढायचा. पुण्यात ऑगस्टमध्येही सलग चार-पाच दिवस उघडीप मिळते. तेव्हा फेअरवे मस्त असतात, तरी प्रत्येक शॉटआधी बॉल हरळीच्या झुबक्यावर बसवण्याचा सोहळा चालूच. रोज सकाळी ठरवा ना!

हरळीवाला
रोज सकाळी ठरवणार कोण? पहिली बॅच सहाला निघते. त्याआधी अठराही होल फिरून बघायला माणूस लागतो. शिवाय तुम्ही वरचं गवत बघताय, खालची माती नाही. काळ्या मातीत पाणी झिरपायला वेळ लागतो. दोन दिवस ऊन पडलं तरी खालचा थर चिकटच. बॉल टप्पा खाऊन थांबला की चिखलाचा गोळा घेऊनच. चिखल उजवीकडे असेल तर बॉल साधारण डावीकडे वळतो, पण किती ते कोणी सांगावं? मग सात नंबरचा आयर्न नीट मारणारा आणि न मारणारा यांत फरक काय उरला? २०१६ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये, बाल्टुसरोलला, शेवटच्या फेरीत प्रेफर्ड लाय लावलेच होते. मेजरला (सर्वांत मोठ्या स्पर्धेला) चालतं, मग आपल्या शनिवारच्या स्टेबलफोर्डला (गुणांवरच्या स्पर्धेला) का नको?

नियमावर_बोट
बाल्टुसरोलला ते त्या फेरीपुरतं होतं, मोसमभर नव्हे. माझं म्हणणं तेच आहे. आणि चिखल हीच अडचण असेल तर ई-२ आहे की: बॉल मार्क करा, उचला, पुसा, त्याच जागी ठेवा. चिखल गेला, लाय (बॉल कसा बसलाय ते) मात्र नशिबात असेल ती. हरकत आहे ती जागा बदलण्याला.

पटर_पांडू
दोघांच्या भांडणात एक गोष्ट राहतेय. अर्धा गोंधळ ई-३ चा नसून मूळ नियम न वापरल्याचा आहे. पावसाळ्यात बरीच सवलत आधीपासूनच फुकट मिळते.

साचलेलं पाणी (१६.१): उभं राहण्याआधी किंवा राहिल्यावर पाणी दिसलं पाहिजे. मुद्दाम पाय दाबून काढलेलं चालत नाही, नुसती ओली किंवा भुसभुशीत जमीनही नाही. पेनल्टी एरियात (तलाव-ओढ्यासारख्या आखलेल्या भागात) ही सवलत नाही.

रुतलेला बॉल (१६.३): स्वतःच्या शॉटने पडलेल्या खड्ड्यात असेल आणि बॉलचा काही भाग जमिनीच्या पातळीखाली असेल, तर बॉलच्या लगेच मागची जागा धरून एक क्लब-लांबीच्या (पटर सोडून आपल्या सर्वांत लांब काठीच्या) आत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून बॉल सोडायचा (ड्रॉप). हे २०१९ पासून रफमध्येही (फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवतातही) चालतं, त्यासाठी वेगळी नोटीस लागत नाही. बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) मात्र नाही.

बंकर तुडुंब भरला तर फुकट सवलत बंकरच्या आतच, पाणी सर्वांत कमी असेल तिथे. बाहेर यायचं तर एक शॉट दंड.

नवा_भिडू
पण भरलेला बंकर ‘ग्राउंड अंडर रिपेअर’ (जीयूआर, म्हणजे दुरुस्तीतली जागा) धरून बाहेर ड्रॉप घेतात की सगळे?

पटर_पांडू
कमिटीने तो विशिष्ट बंकर नाव घेऊन जाहीर केला असेल तरच (एफ-१६). “पाणी भरलेले सर्व बंकर” अशी सरसकट नोटीस नियमात बसत नाही. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांचंही तसंच. पांढऱ्या रेषेने आखल्या नसतील तर त्या आपोआप जीयूआर होत नाहीत. सूचना लिहिण्यापेक्षा चुन्याची बादली घेऊन फिरणं जास्त कामाचं.

हरळीवाला
मान्य. आता माझा खरा मुद्दा ऐका. ई-३ फक्त फेअरवेच्या उंचीला किंवा त्याहून कमी कापलेल्या भागात लागू. जुलैत आठवडाभर मोव्हर घालता येत नाही, घातला तर गवत कापलं जाण्याऐवजी चाकं रुततात. मग फेअरवे संपतो कुठे आणि रफ सुरू होतो कुठे? दोन्ही घोट्याएवढे. जिथे रेषच दिसत नाही तिथे तुमची रोज सकाळची शुद्धता कोण तपासणार?

नियमावर_बोट
हा मुद्दा बिनतोड आहे. पण त्याचं उत्तर नियम सैल करणं नव्हे, हद्द दाखवणं. ठिपके मारा.

हँडीकॅप_हवालदार
हँडीकॅपचं (खेळाडूच्या दर्जाच्या आकड्याचं) बोला. कमिटीने ई-३ रीतसर लावला असेल तर वर्ल्ड हँडीकॅप सिस्टीममध्ये स्कोअर ग्राह्य आहे. चौघांनी पहिल्या टीवर (सुरुवातीच्या जागी) आपसांत “आज उचलू या” ठरवलं तर ती फेरी नियमांनुसार झालीच नाही, कार्ड भरू नका. आणि “ओल्यात स्कोअर फुगतो” ही ओरड कमी करा, त्यासाठी पीसीसी (त्या दिवसाच्या परिस्थितीनुसारची दुरुस्ती) आहे. त्या दिवशी किमान आठ ग्राह्य स्कोअर आले तर उणे १ ते अधिक ३ इतका फरक आपोआप धरला जातो. लोक कार्डच भरत नाहीत आणि मग सिस्टीमला नावं ठेवतात.

नवा_भिडू
ठेवलेला बॉल घरंगळला तर? आणि पुन्हा उचलून नीट बसवला तर?

पटर_पांडू
ठेवताना थांबला नाही तर त्याच जागी दुसऱ्यांदा ठेवायचा. तरी थांबला नाही तर तो थांबेल अशा सर्वांत जवळच्या जागी, होलच्या जवळ न जाता. एकदा थांबला की बॉल खेळात आला, सवलत एकदाच. “अजून थोडा बरा बसवतो” म्हणून उचललात तर एक दंड, आणि बॉल परत जागेवर. मुभेबाहेर ठेवून मारलात तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण शॉट मोजण्याच्या खेळात) दोन. ई-३ मध्ये मार्क करणं सक्तीचं नाही, पण टी (बॉल ठेवायची खुंटी) खोचून ठेवा, नाहीतर सहा इंचांचं हातभर होतं.

हरळीवाला
सहा इंचच का? पूर्ण क्लब-लांबी द्या. ओल्यात जागा शोधायला तेवढी लागते.

नियमावर_बोट
ड्रायव्हर म्हणजे पंचेचाळीस इंच. तेवढ्यात माणूस डिव्हॉटमधून (शॉटने उखडलेल्या गवताच्या खड्ड्यातून) निघून झाडाआडूनही सुटतो. कमिटीला सहा इंच, स्कोअरकार्ड किंवा क्लब-लांबी यांतलं काहीही निवडता येतं. स्कोअरकार्ड प्रत्येकाच्या खिशात असतं, ते ठेवा. नोटिशीचा मसुदा: “आज, फक्त या तारखेला, फेअरवेच्या उंचीला कापलेल्या भागात ई-३ लागू. अंतर एक स्कोअरकार्ड. उरलेल्या जनरल एरियात ई-२.” तारीख रोज हाताने घालायची. तारीख जुनी असेल तर नोटीस रद्द.

हरळीवाला
तारखेला विरोध नाही. स्कोअरकार्ड पावसात लगदा होतं, तेवढं बघा.