पेरणाऱ्याचा दाखला: तुमच्या जमिनीत काय उगवलं?

सर्वांना सलाम.

बायको वसईची कॅथलिक, मी नगरकडचा प्रॉटेस्टंट. त्यामुळे आमच्याकडे रविवार पाळीपाळीने असतो, एकदा तिची मिस्सा, एकदा माझी उपासना. 16 जुलै 2023 ला तिची पाळी होती. पुण्यात झिमझिम चालू होती आणि वाचन आलं बायबलमधल्या मत्तयाच्या 13 व्या अध्यायातलं, येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे बोधकथा. पेरणारा पेरायला निघाला, काही बी वाटेवर पडलं, काही खडकाळीवर, काही काट्यांत, काही चांगल्या जमिनीत पडून शंभरपट, साठपट, तीसपट फळलं. बी म्हणजे देवाचं वचन, जमीन म्हणजे ऐकणारा. कॅथलिक वाचनक्रमात हा उतारा दर तीन वर्षांनी जुलैच्या मध्याच्या रविवारी येतो, हे मला तेव्हा कळलं. तो क्रम लावणाऱ्यांच्या मनात आपली खरिपाची पेरणी नक्कीच नसणार, पण योग बघा.

वाचन चालू असतानाच खिशात फोन थरथरला. गावाहून थोरल्या भावाचा. बाहेर येऊन लावला तर म्हणाला, "बाजरी गेली. उगवली तेवढी करपली. दुबार पेरणी करतोय, बियाण्याची पिशवी आणायला निघालोय." मी विचारलं, बियाणं खराब निघालं का? तर म्हणे, "बियाण्याला कशाला बोल लावू? वापसा (पेरणीजोगी ओल) नव्हता, मीच घाई केली."

बाबा गेल्यावर दोन वर्षं मी शास्त्र उघडलं नव्हतं. उपासनेला जायचो, गीतं म्हणायचो, उभं राहा म्हटलं की उभा राहायचो. आत मात्र काही उगवत नव्हतं आणि त्याचा बोल मी वचनालाच लावत होतो. त्या रात्री मार्कचा चौथा अध्याय काढला, तिथेही हाच दाखला आहे. आता रोज पहाटे दहा ओव्या वाचतो, जास्त नाही. कधीकधी चहा उकळेपर्यंत जेवढ्या होतील तेवढ्याच.

धागा काढण्याचं कारण हेच. या दाखल्याने (किंवा जवळपासच्या दुसऱ्या कुठल्या) तुमच्या रोजच्या विश्वासाच्या जगण्यात काय बदललं ते लिहा. प्रवचन नको, ते रविवारी ऐकतोच. फसलेलं असेल तर तेही लिहा.

राहुरीकडून, शेती करणारा

सलाम दादा. लहानपणापासून मला या दाखल्याचा रागच यायचा. वाटेवर बी टाकणारा हा कसला शेतकरी? आमच्याकडे चाड्यावर (पाभरीवरचं बी सोडायचं भांडं) मूठ धरायला घरातलं जाणतं माणूस लागतं. दाणा नळीतून बरोबर तासात पडला पाहिजे. एक मूठ वाया गेली तर आजोबा दिवसभर बोलायचे. पाळकसाहेबांनी सांगितलं की तिकडे हाताने विस्कटून पेरायचे आणि शेतातून पायवाटा जायच्या, तेव्हा जरा समजलं.

पण माझं खरं कोडं शंभरपटीचं होतं. मालदांडी ज्वारीला एकरी चार किलो बी लागतं. हस्ताचा पाऊस झाला, वर्ष बरं असलं तर पाच-सहा क्विंटल होते. म्हणजे सव्वाशे-दीडशेपट. शंभरपटीत कौतुक कसलं? मग गव्हाचा हिशेब केला. एकरी चाळीस-पन्नास किलो बी, आणि पाणी-खत सगळं देऊन पंधरा-वीस क्विंटल. चाळीसपट! तेही आजच्या सुधारित वाणावर. त्या काळात तीसपट पीक घेणाऱ्या माणसाने पारावर मिशीला पीळ दिला असेल.

हे सांगायचं कारण, मी स्वतःला कायम तीसपटीतला समजत आलो. मला चारचौघांत साक्ष देता येत नाही, प्रार्थना करताना शब्द अडकतात. मी चर्चच्या सतरंज्या घालतो, उपासना झाली की गोळा करतो, हार्वेस्ट फेस्टिव्हलच्या लिलावात भोपळे उचलून दाखवतो. येशूने तीसपटवाल्याला चांगल्याच जमिनीत धरलंय, नापास केलेलं नाही. हे कळायला मला वयाची बेचाळीस वर्षं आणि एक कॅल्क्युलेटर लागला.

वसईहून

आमच्या शेतांवर आता इमारती आहेत, पण राब मी पाहिलेला आहे. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून राब भाजायचे आणि पाऊस आला की त्यावर भाताचं बी हाताने टाकायचे. ते पडलं की आम्हा पोरांची ड्यूटी सुरू, पाखरं हाकलायची. डबा बडवायचा, ओरडायचं. दुपारी डोळा लागला की चिमण्यांची मेजवानी, आणि संध्याकाळी आयची छडी.

त्यामुळे "पाखरांनी येऊन खाऊन टाकलं" हे वाक्य मला कधीच गूढ वाटलं नाही. पाखरं बी पडल्या पडल्या येतात, उगवल्यावर येत नाहीत! राखण करायची ती पहिल्या दोन-चार दिवसांत. मिस्सा संपून रिक्षात बसेपर्यंत माझ्या डोक्यातून प्रवचन साफ गेलेलं असायचं. मग मी घरी एक पद्धत लावली. रविवारी जेवताना प्रत्येकाने आज ऐकलेली एक गोष्ट सांगायची. एकच. धाकटा बहुतेक वेळा "फादरांचा माइक बंद पडला" एवढंच सांगतो, तेही धरतो. आठ वर्षं झाली. नवरा सुरुवातीला हसायचा, आता तो मिस्सात कागदावर टिपून घेतो. मला वाटतं पोरांसमोर हरायला नको म्हणून.

कुवेतहून

मी नर्स. इथे आमची मराठी मंडळी शुक्रवारी जमतात, सुट्टी शुक्रवारची असते म्हणून. माझी जमीन काट्यांची, यात मला तिळमात्र शंका नाही. संसाराची चिंता आणि द्रव्याचा मोह असं मत्तय म्हणतो. मार्क त्यात इतर गोष्टींचा लोभ घालतो. माझ्या यादीत गावच्या घराचा हप्ता, भावाची फी, ओव्हरटाइम, सोन्याचा भाव आणि सहा व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत. त्यातला एक तर प्रार्थनेचाच ग्रुप आहे आणि सगळ्यात जास्त वेळ तोच खातो.

एक गोष्ट मला उशिरा दिसली. काट्यांतलं बी मेलं असं दाखला म्हणत नाही. ते वाढलं, हिरवं राहिलं, फक्त फळलं नाही. माझं अगदी तेच. लांबून बघणाऱ्याला माझ्यात खोट दिसणार नाही. गावी हराळी उपटताना आई म्हणायची, वरवर ओढू नकोस, खालून काशी (मुळांचं जाळं) काढ, नाहीतर आठ दिवसांत परत हजर. मी आधी ओव्हरटाइम बंद करून पाहिला, म्हणजे वरवर ओढलं. रिकाम्या वेळात फोन बघत बसले. काशी होती भीती, पैसे संपतील ही. ती अजून पुरती निघालेली नाही. पण दर महिन्याला पगार झाला की पहिलं दान बाजूला काढते, मग बाकीचे हिशेब. आधी उरलं तर काढायचे. उरायचं नाही, हे सांगायला नकोच.

जालन्याहून

माझं थोडक्यात. तीन दिवसांच्या उपवास-प्रार्थना सभेत रडलो, हात वर केले, सिगारेट सोडली, मित्रांना फोन करकरून सांगितलं. दीड महिन्याने सिगारेट परत. खडकाळ जमिनीत बी सगळ्यात आधी उगवतं, कारण माती खोल नसते. खाली पाषाण, वर चार बोटं माती. तेव्हा हे कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तर ढोलकीच्या आवाजात ऐकू आलं नाही. आता सभांना जातो, पण मागे बसतो. एका काकांबरोबर दर बुधवारी लूक वाचतोय. वर्षभरात आठव्या अध्यायापर्यंत आलोय. हसू नका.

मुंबईहून

थोडं कडू लिहिते. आमच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या मुलांच्या वर्गात, फ्लॅनेलच्या फळ्यावर चित्रं चिकटवून गोष्टी सांगायचे. पेरणाऱ्याच्या दाखल्याच्या दिवशी बाईंनी चार कोपरे केले आणि आम्हा मुलांना एकेका जमिनीत उभं केलं. मी प्रश्न फार विचारायचे, म्हणून मला वाटेवर. नऊ वर्षांची होते. त्यानंतर कितीतरी वर्षं मी मनाने तिथेच उभी होते. देव माझ्याकडे बी टाकतो ते पाखरांसाठीच, असं वाटायचं. कॉलेजात असताना चर्च सोडलं.

चाळिशीत परत आले ते वेगळ्याच कारणाने, ते इथे नको. पण परत वाचलं तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. दाखला संपल्यावर शिष्यच विचारतात, याचा अर्थ काय? त्यांनाही कळलेलं नव्हतं. आणि तो रागावून त्यांना कोपऱ्यात उभं करत नाही, एकेक जमीन घेऊन समजावून सांगतो. प्रश्न विचारणाऱ्यांनाच अर्थ मिळाला. आता मी स्वतः मुलांना शिकवते. त्या दिवशी कोपरे करत नाही. कुंड्या आणि मेथीचे दाणे घेऊन जाते आणि घाण करून परत येते.

धागा काढणारा

ताई, हे वाचून थांबलो. मीही मुलाला "तू खडकाळ आहेस" असं गमतीत म्हटलेलं आठवतंय. आज बोलतो त्याच्याशी.

पंढरपूरजवळून

मी ख्रिस्ती नाही, घरात माळ आहे. शेजारच्या काकूंमुळे हा दाखला माहीत झाला. आमच्याकडे तुकोबा "शुद्ध बीजापोटी" म्हणतात, तिथे भर बियाण्यावर. तुमच्या दाखल्यात बी सगळीकडे एकच, फरक जमिनीचा. काकूंशी यावर ओट्यावर बसून बरेच वाद घातले. मला अजूनही बियाण्याचं म्हणणं पटतं. पण कीर्तनाला जाताना आज आपली जमीन कशी आहे असं मनात येतं, हे काकूंचं देणं. त्या गेल्या दोन वर्षांपूर्वी. परवानगी नसताना लिहिलं, चालेल ना?

श्रीरामपूरकडून

चालेल काय, लिहाच भाऊ.

मी 71 वर्षांची. नातीकडून टाइप करून घेतेय. मला पेरणाऱ्यापेक्षा लूकच्या 13 व्या अध्यायातला अंजिराचा दाखला जवळचा. मालक तीन वर्षं फळ शोधत येतो, मिळत नाही, म्हणतो तोडून टाक. माळी म्हणतो, धनी, एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो.

माझा मुलगा बंगळूरला असतो. चर्चला जात नाही, प्रार्थना म्हटलं की विषय बदलतो. बाप्तिस्मा, दृढीकरण सगळं झालेलं आहे, सुट्टीत वचनं पाठ करून बक्षिसं आणायचा. मी चार वर्षं रोज सकाळी त्याला फोनवर एक वचन पाठवत होते. एकदा सूनबाईने हळूच सांगितलं, आई, ते उघडतच नाहीत. पेरणाऱ्याच्या दाखल्यात खुरपणारं, पाणी घालणारं कुणी नाही, बी टाकलं की सगळं जमिनीवर. माळी मात्र वाकून खणतो. मग विचार केला, मी रोज बीच टाकतेय, खणत कुठेय?

वचनं बंद केली. आता विचारते, जेवलास का, कंबर कशी आहे, ऑफिसात तो साहेब अजून त्रास देतो का. सुरुवातीला त्याला संशय आला. आता बोलतो. अर्धा अर्धा तास बोलतो. देवाचं काही निघत नाही. मीही काढत नाही, फार जड जातं.

ते झाड पुढे फळलं की तोडलं हे लूकने लिहिलेलं नाही. मी पान उलटून बघितलं होतं, पुढे दुसरीच गोष्ट सुरू होते, कुबड्या बाईची.

त्याला रविवारीच वेळ मिळतो. फोन येतो तेव्हा आमची उपासना चालू असते. मी चप्पल घालून बाहेर येते आणि उचलते.