अकरा सेकंदांचा स्ट्राइक – लढू की गप्प बसू?

खाडीकाठचा

नमस्कार मंडळी. मी लग्नाचं शूटिंग करतो, हळदीपासून पाठवणीपर्यंत, आणि यूट्यूबवर टाकतो. कॉपीराइटचे क्लेम मला नवे नाहीत. वरातीत बॅन्जोवाल्यांनी सिनेमाचं गाणं वाजवलं की व्हिडिओ चढवल्या चढवल्या क्लेम येतो, जाहिरातीचे चार पैसे म्युझिक कंपनीला जातात, विषय संपला. या वेळी आलाय तो स्ट्राइक, म्हणजे व्हिडिओच उतरवला आणि चॅनेलच्या नावावर ठपका.

आमच्या वाडीखाली एक वहाळ खाडीला मिळतो. वर एमआयडीसी. जोराची सर आली की, आणि बहुतेक रात्रीच, वहाळाला चहाच्या रंगाचं पाणी येतं, वर फेस. मुळे (खाडीतले शिंपले) काढायला जाणाऱ्या बायकांच्या पायांना खाज सुटते. माझी काकी हल्ली पायाला खोबरेल चोपडून वर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून चिखलात उतरते. हे सगळं मी शूट केलं. एकूण चार मिनिटं दहा सेकंद.

सुरुवातीला तिथल्याच एका कंपनीच्या जाहिरातीतले अकरा सेकंद घेतले. त्यात एक पोरगी झुळझुळ ओढ्यात कागदाची होडी सोडते आणि मागून कुणीतरी पाणी जपण्याच्या गोष्टी करतं. लगेच पुढे आमचा वहाळ आणि माझ्या भाचीने सोडलेली तशीच होडी. ती वळणापर्यंत जाईस्तोवर कडेने तपकिरी होते. बाकी सगळं माझ्याच कॅमेऱ्यातलं.

नवव्या दिवशी व्हिडिओ गायब. तक्रार कंपनीची. ईमेल चार वेळा वाचला. पाण्याचा रंग खोटा आहे, ती जागा आमची नाही, असं एक अक्षर नाही. फक्त ते अकरा सेकंद.

पंचाईत अशी की चॅनेल हेच माझं दुकान आहे. सहा वर्षांची लग्नं तिथे आहेत, गिऱ्हाईक ती बघूनच येतं. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर सगळंच जाईल. काउंटर नोटिफिकेशन (तक्रार चुकीची आहे असं यूट्यूबला रीतसर कळवणं) द्यावं तर माझं नाव-पत्ता थेट कंपनीच्या हातात. भावोजी तिथेच ठेकेदाराकडे कामाला आहेत आणि त्यांचं घर आमच्याच आवारात. काय करू?

शंकेखोर

राग मानू नका, पण दुसऱ्याची जाहिरात घ्यायचीच कशाला? स्वतःचं शूटिंग एवढं बोलकं असताना स्वतःच्या हाताने त्यांना कोलीत दिलंत. शिवाय तुमच्या लग्नाच्या व्हिडिओवर उद्या दुसऱ्या कुणी स्वतःचा शिक्का मारला तर तुम्हीही हीच तक्रार करणार ना?

वकीलकाकू

शंकेखोर, शिक्का मारून खपवणं वेगळं आणि टीकेसाठी तुकडा दाखवणं वेगळं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये टीका किंवा समीक्षेसाठी केलेला वाजवी वापर हे उल्लंघन नाही, असं स्पष्ट आहे. इथे टीका त्या जाहिरातीवरच आहे. होडीला होडी जोडली तिथेच ते दिसतं. तुकडा थोडा आहे आणि तो बघून कुणी मूळ जाहिरात बघायची सोडणार नाही. बाजू बरी आहे. ‘बरी’ म्हणतेय, ‘पक्की’ नाही, कारण सेकंद मोजून सूट देणारा नियम कुठेच नाही.

पण यूट्यूबची पद्धत अमेरिकेच्या 1998 च्या डीएमसीए या इंटरनेटवरच्या कॉपीराइटच्या कायद्यावर बेतलेली आहे. तक्रार आली की आधी उतरवायचं, मग बघायचं. काउंटर दिलंत की तक्रारदाराला कामकाजाचे दहा दिवस मिळतात. तेवढ्यात तो कोर्टात गेल्याचं दाखवू शकला नाही, तर व्हिडिओ सहसा परत येतो. आपल्याकडच्या 2013 च्या कॉपीराइट नियमांतही अशीच तरतूद आहे: 36 तासांत उतरवायचं, आणि 21 दिवसांत तक्रारदाराने कोर्टाचा आदेश आणला नाही तर परत चढवता येतं. आणि कोर्टाची पोकळ धमकी देणाऱ्यावर आपणच दावा लावायचा, तर कलम 60 आहे. मात्र त्याने खरंच वेळेत दावा ठोकला, तर ते हत्यार बोथट होतं.

पत्त्याचं म्हणाल तर काउंटर वकिलामार्फत देता येतं. नाव मात्र लपत नाही. आधी भावोजींशी बोला, कायदा नंतर.

जुनापुराणा

2010 ची किटकॅटची गोष्ट आठवली. ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने जाहिरातीच्या थाटाचा छोटा व्हिडिओ केला होता. ऑफिसातला माणूस किटकॅट फोडतो, आत ओरांगउटानचं बोट, तो चावतो आणि कीबोर्डवर रक्त. इंडोनेशियातल्या पाम तेलासाठी होणारी जंगलतोड हा विषय होता. किटकॅटवाल्या नेस्लेने कॉपीराइटचं कारण देऊन तो यूट्यूबवरून उतरवला. ग्रीनपीसने तो विमिओ या दुसऱ्या व्हिडिओ साइटवर टाकला आणि ज्यांना किटकॅटशी देणंघेणं नव्हतं तेही शोधून बघायला लागले. दोन महिन्यांत, मे मध्ये, नेस्लेने जंगलतोडीशी संबंध असलेलं तेल घेणार नाही असं धोरण जाहीर केलं.

आपल्याकडचं टाटांचं प्रकरण कॉपीराइटचं नव्हतं, ट्रेडमार्क आणि बदनामीचं होतं. ओडिशातल्या धामरा बंदरामुळे ऑलिव्ह रिडले कासवांना धोका आहे म्हणून ग्रीनपीसने पॅकमॅनसारखा गेम काढला आणि त्यात टाटांचा लोगो वापरला. वेळासला आपण ज्यांचा महोत्सव करतो, तीच कासवं. टाटा सन्सने 10 कोटींचा दावा लावला. जानेवारी 2011 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने गेमवर अंतरिम बंदी घालायला नकार दिला.

आणि अमेरिकेतली डायबोल्ड, तेव्हा मतदान यंत्रं बनवणारी. यंत्रांतल्या दोषांबद्दलचे कंपनीचे अंतर्गत ईमेल विद्यार्थ्यांनी 2003 मध्ये नेटवर टाकले, तर कंपनीने कॉपीराइटच्या नोटिसा धाडल्या. पुढच्या वर्षी कोर्टाने ठरवलं की त्यातले काही ईमेल कॉपीराइटखाली अडवता येणार नाहीत हे माहीत असूनही नोटिसा दिल्या होत्या. सव्वा लाख डॉलर मोजावे लागले.

शंकेखोर

ग्रीनपीसकडे वकिलांची फौज असते हो. यांच्याकडे ड्रोन आणि दोन लाइट.

खाडीकाठचा

ड्रोनही भाड्याचा आहे 🙂

सगळ्यांचे आभार. भावोजींना सांगितलं. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, “पत्ता हितला देऊ नको. बाकी काय ता कर.” वकीलकाकू, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. काउंटर तुमच्यामार्फतच देऊ या.

तोवर जाहिरातीचा तुकडा काढून व्हिडिओ पुन्हा चढवलाय. त्या जागी अकरा सेकंद काळा पडदा, आवाज बंद, मध्ये एकच ओळ: ‘इथे कंपनीची जाहिरात होती. दाखवायला कंपनीची हरकत आहे.’ मग होडी.

काकीला मोबाइलवर दाखवला. पडदा काळा झाल्यावर तिने मोबाइल हलवून बघितला आणि म्हणाली, “रेंज गेली काय रे?”