रिकामा फ्लॅट एकट्याने दाखवताना काय नियम ठेवावेत?

घोडबंदर_रिसेल
ठाण्यात रिसेल आणि भाड्याचं काम. ऑफिसात चार जण, त्यात दोन मुली नव्या. प्रॉपर्टी पोर्टलवरून येणारी लीड, म्हणजे गिऱ्हाइकाची चौकशी, हा नुसता मोबाईल नंबर असतो. नोकरदार पार्टीला संध्याकाळी सात-आठचीच वेळ हवी असते. दर वेळी दोघांना पाठवणं परवडत नाही.

चावीजुडगा
पहिली गाठ ऑफिसात, नाहीतर सोसायटीच्या गेटवर. फ्लॅटच्या दारात कधीच नाही. तोवर फ्लॅट नंबर व्हॉट्सॲपवर जाऊ द्यायचा नाही. गेटच्या रजिस्टरमध्ये पार्टीने स्वतःच्या हाताने नाव-नंबर लिहावा, कॅमेऱ्यासमोर. यावर कुरकुर करणाऱ्याला वर नेऊ नका, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आपण दहा मिनिटं आधी पोचायचं. बंद घराचा मेन स्विच बहुतेक पाडलेला असतो. तो चढवून सगळे दिवे लावायचे, खिडक्या उघडायच्या. आता लॅच. दार वाऱ्याने लोटलं तरी आपोआप लागतं आणि बाहेरच्याला किल्लीशिवाय उघडता येत नाही. म्हणून जीभ आत ओढून खटक्याने अडकवा आणि उघड्या दाराखाली लाकडी पाचर सारा. जुना खटका बऱ्याचदा घसरतो, पाचर हवीच.

पार्टी पुढे, आपण मागे. बेडरूम, बाथरूम, बाल्कनी त्यांनी बघून यायची. आपण हॉलमध्ये, दाराच्या बाजूला. मोजमाप सांगायला आत जावं लागत नाही.

मीटररूम
लाईव्ह लोकेशनवर फार विसंबू नका. व्हॉट्सॲपमध्ये 15 मिनिटं, 1 तास, 8 तास असे पर्याय आहेत. एक तास घ्या. पण बेसमेंट पार्किंगमध्ये नेटवर्क जातं, बॅटरी सेव्हर ॲप झोपवतो, आणि नकाशावर ठिपका जुन्याच जागी दिसत राहतो. शिवाय मजला कळत नाही.

त्यापेक्षा ऑफिसात एकाने घड्याळ धरून बसावं. फ्लॅट नंबर, पार्टीचा नंबर, गाडीचा नंबर आणि गेटच्या केबिनचा फोन त्याच्याकडे हवा. अर्ध्या तासाने फोन. दोनदा उचलला नाही तर लगेच केबिनला: वॉचमनने वर जाऊन बेल मारायची. तिथेही काही कळलं नाही तर 112. अडचणीत असल्याचं फोनवर कळवायला परवलीचं वाक्य साधं ठेवा, “कोलशेतची फाईल काढून ठेवा” असं. मात्र कोलशेतची फाईल ऑफिसात खरोखर नसावी!

पावती_पुस्तक
टोकन, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, रोख घेऊ नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहेच, आणि पर्समध्ये पैसे आहेत हे कुणाला कळायलाही नको. पार्टीच्या गाडीत बसायचं नाही, “इथंच तर आहे” म्हटलं तरी.

मुलींचं म्हणाल तर 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यात कामानिमित्त गेलेली जागाही कामाचं ठिकाणच धरली जाते, म्हणजे साईटसुद्धा. दहापेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मुलींना हे आधीच सांगून ठेवा.

रात्री आठची व्हिजिट मला पटत नाही. शनिवार-रविवार सकाळ द्या. ज्याला घर घ्यायचंय तो उजेडात बघायला येतोच.

घोडबंदर_रिसेल
आठची वेळ बंद करतो. पाचर आजच सुताराकडून आणतो. चाव्यांच्या टॅगवर सोसायटीचं नाव आणि फ्लॅट नंबर लिहिलेला आहे, तो काढू का?

चावीजुडगा
आत्ताच काढा. टॅगवर नुसता आकडा, आणि त्याची वही ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये.