मदत हवी आहे: प्रतिपालकत्वातल्या मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) की नैराश्य? लहानपणाची माहिती कुठून आणू? (सोलापूर)

नमस्कार. आम्ही अक्कलकोट रोडच्या बाजूला राहतो. बाल कल्याण समितीने प्रतिपालकत्व योजनेतून एक मुलगा आमच्याकडे सांभाळायला दिला आहे. आता नववीत आहे. त्याची ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

मुलगा मनाचा फार चांगला. सायकल सगळी खोलून पुन्हा जोडतो, तेव्हा जागचा हलत नाही. वही उघडली की मात्र लगेच उठतो. समोरच्याचं बोलणं पुरं होऊ देत नाही, कंपास, डबा सारखा कुठेतरी विसरतो. हे आला तेव्हापासूनच आहे. दिवाळीनंतर मात्र वेगळंच सुरू झालं. रात्रभर जागा, सकाळी उठवत नाही, सारखी चिडचिड. क्रिकेट बंद. गड्ड्याच्या जत्रेला गल्लीतली सगळी पोरं गेली, हा गेला नाही. परवा जेवताना म्हणाला, "काकू, मी नसलो तर तुमचा त्रास वाचेल." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

शाळेचं म्हणणं, लाडाने बिघडलाय. एका डॉक्टरांना एडीएचडी वाटतो, दुसऱ्यांना नैराश्य. एडीएचडी ठरवताना बाराव्या वर्षाआधीपासून लक्षणं होती का, हे बघतात. मला विचारलं, "लहानपणी कसा होता?" मी काय सांगणार? तो आमच्याकडे आला तेच बारा उलटल्यावर. बोलायला कधी लागला, पहिलीत वर्गात बसायचा का, सख्खी आई सहज सांगेल ते मला माहीतच नाही. आणि आधी ज्या घरातून तो बालगृहात आला, तिथे काय सोसलं हेही पूर्ण कळलेलं नाही.

ही माहिती कुठे मिळेल? दोन्ही बाजू एकत्र बघणारे सोलापुरात कोणी आहेत की पुणेच गाठावं? औषध सुरू करायचं तर सही आमची चालते का? एक विनंती, "परत पाठवा" असं कृपया कोणी सुचवू नका. तो आमचा आहे.

प्रतिसाद

ताई, मी बालगृहात समुपदेशक होते. आधी ते वाक्य. त्याला आजच शांतपणे सरळ विचारा, "मरावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. घरातली औषधं, उंदराचं विष कुलपात ठेवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, थेट सिव्हिल हॉस्पिटलला न्या, रात्र असली तरी.

एडीएचडी आणि नैराश्य एकाच मुलात असू शकतात. या वयात नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसतं. भीतीत वाढलेलं मूलही सतत सावध असतं, मग त्याचं लक्ष टिकत नाही आणि ते एडीएचडीसारखंच वाटतं. झोप नसेल तर आणखी गोंधळ. म्हणून घाईने एकच शिक्का नको. पुण्याआधी सिव्हिलचा मानसोपचार विभाग गाठा आणि परवाचं वाक्य डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. एडीएचडीच्या अ‍ॅटोमॉक्सेटिन या औषधावर मुलांमध्ये आत्महत्येच्या विचारांबद्दल इशारा आहे, त्यामुळे औषध निवडताना हे त्यांना माहीत असलंच पाहिजे. मिथाइलफेनिडेटने भूक आणि झोप कमी होऊ शकते, ते नियंत्रित औषध आहे, सगळ्या मेडिकलमध्ये मिळत नाही.

लहानपणाच्या माहितीसाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी अर्ज द्या. बालगृहाच्या फाईलमधला सामाजिक तपासणी अहवाल, वैयक्तिक काळजी आराखडा आणि आधीच्या शाळेची प्रगतीपुस्तकं मागा. वर्गशिक्षकांचे शेरे, "जागेवर बसत नाही" वगैरे, डॉक्टरांना फार कामाचे असतात. त्याला बालगृहात सांभाळलेल्या मावशींनाही विचारा, त्यांना बरंच आठवतं. सहीचं बाल कल्याण समितीला विचारून लेखी उत्तर घ्या, तोंडी "चालेल" वर थांबू नका.