ड्रावे सिंड्रोमच्या संशोधनासाठी निधी कसा उभा करायचा? सल्ला हवाय

कुडाळचा_मामा
भाची साडेचार वर्षांची आहे. सहाव्या महिन्यात तापात पहिली आकडी आली, ती अर्धा तास थांबेचना. मग कार्बामॅझेपिन हे फिटचं औषध सुरू झालं, त्याने झटके उलट वाढले, शेवटी जीन टेस्ट केली तेव्हा एससीएन१ए जीनमधला बिघाड सापडला आणि ड्रावे सिंड्रोम, म्हणजे लहानपणापासून वारंवार फिट येणारा आजार निघाला. कढत पाण्यानेही फिट येते म्हणून ताई बंबातलं पाणी घंगाळात काढून थर्मामीटर बुडवून बघते, मगच आंघोळ. मे महिन्याच्या उकाड्यात लाइट जाऊन पंखा बंद पडला की आमच्या पोटात गोळाच येतो. औषधांचं आम्ही घरचे निभावतोय, पण या आजारावर आपल्याकडे काम व्हावं म्हणून पैसे जमवायचेत. गावचं मुंबई मंडळ आणि आखातातले मित्र तयार आहेत. पैसे घ्यायचे कसे, द्यायचे कुणाला?

रत्नागिरीची_आई
माझ्या मुलालाही ड्रावेच आहे. मामा, पत्रकावर "चिमुकलीला वाचवा" असलं काही लिहू नका. संशोधनाला वर्षं लागतात, तिला त्याचा फायदा होईलच असं कुणी सांगू शकत नाही, आणि देणाऱ्याला ते आधीच माहीत असलेलं बरं. फिटचे व्हिडिओ फक्त न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका हो, उद्या ती शाळेत जाणारे.

हिशोबनीस
ताईच्या खात्यात एक रुपया घेऊ नका. नवीन ट्रस्ट म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, आयकर खात्याकडे ट्रस्टच्या करमाफीची आणि देणगीदाराच्या करसवलतीची (८०जी) नोंदणी, दरवर्षी ऑडिट, एवढं सांभाळणारं माणूस घरात नसेल तर त्यात पडू नका. देणगी थेट संशोधन संस्थेच्या खात्यात जाऊ दे, पावती त्यांचीच. संस्थेला ८०जी असेल तरी २००० च्या वर रोख दिलेल्यावर सवलत मिळत नाही, म्हणून त्यांचा क्यूआर छापून घ्या. गणपतीत मंडळ पेटी ठेवणार असेल तर धर्मादाय कार्यालयाची वर्गणी गोळा करायची (कलम ४१क ची) परवानगी आधी काढा. आखातातल्या मित्रांकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देणार असतील तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची मात्र धरतात, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी लागते.

लॅबवाली
संस्था कशी निवडायची ते सांगते. बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या मेंदूविकारांच्या संस्थेत किंवा तुमच्या न्यूरोच्या डॉक्टरांना विचारा, एससीएन१ए वर प्रत्यक्ष कोण काम करतंय. मग त्यांच्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: पैसा नेमका कशावर जाणार, एथिक्स कमिटीची (पेशंटचं हित बघणाऱ्या समितीची) मंजुरी, वर्षाअखेरचा रिपोर्ट. हे द्यायला कुरकुर करतील तर दुसरीकडे बघा.
या जीनच्या दोन प्रती असतात, ड्रावेत सहसा एकच बिघडलेली असते. चांगल्या प्रतीकडून जास्त काम करून घेणारं औषध परदेशात माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलंय. तेवढा खर्च गावच्या वर्गणीतून नाही निघणार. पण पेशंटची रजिस्ट्री, म्हणजे हा आजार कुणाकुणाला आहे त्याची नोंदवही ठेवायला एका माणसाचा पगार, मुलांच्या रक्तापासून स्टेम सेल (ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनवता येतात अशा पेशी) आणि त्यातून न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या पेशी वाढवायचं सामान, इथे छोटी रक्कमही खरंच कामाला येते. रजिस्ट्री नसेल तर उद्या इथे चाचणी करायची म्हटली तरी मुलं शोधण्यातच वेळ जाईल, म्हणून मी पहिला पैसा तिथेच घालेन.

कुडाळचा_मामा
रजिस्ट्रीचं डोक्यातच नव्हतं! ताईच्या डॉक्टरांना सोमवारी विचारतो. मंडळाला दशावताराचा प्रयोग लावायचाय, त्याचं काय?

हिशोबनीस
लावा की. नाटकमंडळाची बिदागी, मांडव, लाइट हा खर्च वेगळ्या देणगीदाराकडून घ्या, म्हणजे तिकिटाचा सगळा पैसा संशोधनाला जातोय हे फलकावर लिहिता येईल. हिशोब दुसऱ्या दिवशी देवळात लावा.

रत्नागिरीची_आई
रजिस्ट्री सुरू झाली की मला कळवा, माझ्या मुलाचे रिपोर्ट देते.