मस्कीच्या रिळाला ६५ पौंडाची ब्रेड पुरते. ८० आणि १०० ही निव्वळ भीती आहे

गरवणारा (धागाकर्ता)

आधी खुलासा: मस्की म्हणजे इथला दांडगा शिकारी मासा, आणि ब्रेड म्हणजे पाव नव्हे, वेणी घातलेली दोरी. फ्रिजवरच्या सामानाच्या यादीत मी एकदा 'ब्रेड, ३०० यार्ड' लिहून ठेवलं होतं. तेव्हापासून हा खुलासा करायची सवय लागली.

मिनेसोटात जूनच्या पहिल्या शनिवारी मस्कीचा हंगाम उघडतो आणि त्याआधी आठवडाभर आमच्या कंपूत तोच वाद उकरला जातो. रिळावर ६५ पौंडाची (म्हणजे तेवढी ओढ झेलणारी) दोरी भरायची, ८० ची की १०० ची? दुकानदार ८० पुढे करतो, बोटीतला गाईड १०० म्हणतो आणि नवा माणूस घाबरून सगळ्यात जाड दोरी उचलतो.

माझं म्हणणं साधं आहे. आपल्या मधल्या आकाराच्या रिळांचा ड्रॅग (ठरावीक ओढीला दोरी सोडणारी कळ) पूर्ण आवळला तरी अठरा-वीस पौंडाला सुटतो, थोरल्या रिळांचा पंचवीसच्या आसपास. म्हणजे मासा कितीही जोरात पळाला तरी दोरीवर त्याहून जास्त ओढ येण्याआधी स्पूल (रिळातली दोरी गुंडाळलेली चक्री) फिरायला लागतं. मिनेसोटाचा वजनाचा विक्रम २०२१ मध्ये मिल लॅक्स तळ्यावर झाला: ५५ पौंड १४.८ औंस. ही राज्यातली सगळ्यात जड मस्की ६५ पौंडाच्या दोरीला नुसती टांगली तरी दोरी तुटणार नाही. मग ८० कशाला? आणि १०० तर कपडे वाळत घालायला बरी.

बारीक दोरी लांब जाते, वाऱ्यात कमी फुगते आणि रिळात जास्त मावते. मी सात हंगाम ६५ वापरतोय. एकही मासा दोरी तुटून गेलेला नाही. बोला.

हेवर्डवारी

टांगलेल्या मस्कीचा दाखला झकास, पण आपण तळ्यावर मासे टांगायला जात नाही. दोरी माशाला तुटतच नाही हो. ती फेकताना तुटते.

गेल्या ऑगस्टची गोष्ट. विस्कॉन्सिनमधला चिप्पेवा फ्लोएज. वारा तोंडावर, हातात नऊ फुटी रॉड, टोकाला आठ औंसांचं रबर, म्हणजे रबरी लुअर (नकली मासा). दोन्ही हातांनी, जीव लावून फेकलं. अंगठा ओला होता की माझं लक्ष समोरच्या गवतावर होतं, देव जाणे. लुअर वाऱ्यानं मंदावला, स्पूल मात्र धावतच राहिलं, रिळावर गुंतवळ उठली आणि ती एकदम आवळली. लवंगी फुटावी तसा आवाज. दोरीचं टोक रॉडच्या शेंड्याला लोंबतंय आणि लुअर आपला एकटाच पुढे चाललाय, मस्तपैकी कमान घेत. लांब कुठेतरी डुबुक. रबर तरंगत नाही. लीडरही, म्हणजे लुअरला जोडलेला टोकाचा चिवट तुकडाही, सोबत गेला. बोटीत कोणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

दोरी तुमची लाडकी ६५ होती. दुसऱ्या दिवशी ८० भरली. गुंतवळ त्यानंतरही झाली आहे, लुअर मात्र गेलेला नाही.

गरवणारा

हा दोष अंगठ्याचा आहे, दोरीचा नाही. स्पूलवर अंगठा टेकवून ठेवायचं शिका, फेकताना स्पूल आवरणारा ब्रेक दोन काटे वाढवा. नाचता येईना, अंगण वाकडं.

उणे_तीस

अंगण खरंच वाकडं आहे, मोजून दाखवतो. (पेशानं मेकॅनिकल, सवय जात नाही.)

आठ औंस म्हणजे २२७ ग्रॅम. लुअर सेकंदाला २५ मीटर वेगानं सुटला असं धरा. त्याच्यात सुमारे ७१ ज्यूल ऊर्जा आहे. स्पूल अडकलं की ती सगळी दोरीनं गिळायची. ब्रेड ताणली जात नाही म्हणून तर आपण ती घेतो. तुटेपर्यंत ४ टक्के धरू. बाहेर १० मीटर दोरी असेल तर ६५ पौंडाची दोरी तुटण्याआधी साधारण ५८ ज्यूल गिळते, ८० ची ७१. म्हणजे ६५ तुटते आणि ८० काठावर वाचते. स्पूल सगळ्यात वेगात असतं ते फेकीच्या सुरुवातीला, तेव्हा दोरी बाहेर कमी असते, म्हणजे हिशेब आणखी वाईट. वर गाठीत थोडी ताकद जाते ती वेगळीच.

थोडक्यात, ड्रॅग अठरा पौंडाचा असला काय नि ऐंशीचा असला काय, गुंतवळीला ड्रॅग ठाऊक नसतो.

गरवणारा

तुमच्या गणितात रॉड कुठे आहे? नऊ फुटी रॉड वाकून निम्मा झटका खातो.

उणे_तीस

मासा लागल्यावर खातो, कारण तेव्हा रॉड दोरीला आडवा असतो. फेकल्यानंतर तुमचा रॉड कुठे बघत असतो? उडणाऱ्या लुअरकडेच, सरळ रेषेत. सरळ ओढीला रॉड वाकणार कसा?

गरवणारा

हम्म. चहा घेऊन येतो.

तळ्याकाठची

तुम्ही दोघं ज्यावर भांडताय ते एकदा कॅलिपरनं मोजा. पॉवरप्रो कंपनीच्या ब्रेडच्या डब्यावर ६५ पौंडाची जाडी ०.४१ मिलिमीटर छापलेली असते, ८० ची ०.४३ आणि १०० ची ०.४६. पासष्ट आणि ऐंशीमधला फरक डोक्यावरच्या केसाच्या निम्म्याहून कमी. 'बारीक दोरी लांब जाते' हे पन्नास आणि शंभरमध्ये पटेल. ०.०२ मिलिमीटरनं फेकीत काय फरक पडणार? पंधरा पौंड जवळजवळ फुकट मिळतायत आणि धागाकर्ते ते घ्यायला तयार नाहीत.

दुसरं, डब्यावरचे पौंड हे सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात. एकीची ८० दुसरीच्या ६५ इतकी बारीक निघते. मी पौंड वाचतच नाही, जाडी वाचते. माझ्या रिळावर ०.४० च्या खाली काही जात नाही. बारीक दोरी जोरात हिसका बसला की स्पूलवरच्या खालच्या थरांत घुसून बसते आणि पुढची फेक तिथेच अडकते. म्हणजे हेवर्डवारींची ती लवंगी, अंगठ्याचा काही दोष नसताना.

तिसरं, मिल लॅक्स आणि मिनेतोंका दोन्ही तळ्यांत झेब्रा शिंपले आहेत. दगडावर त्यांचा थर कानशीसारखा असतो. लीडर फूट-दीड फुटाचा. त्याच्या मागची दोरी उघडीच. एकदा घासली की तुमचे ६५ चे किती उरले हे तुटल्यावरच कळतं.

देवबागचा_पाग

मी शिकागोकर, मस्की आयुष्यात दोनदाच लागली, तेव्हा माझं मत चिमूटभर मीठ घालून घ्या. पण मला मूळ प्रश्न पडतो: ब्रेडच का?

कोकणात देवबागला आमच्या एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र. लहानपणी आम्ही तंगूस (नायलॉनची एकेरी दोरी) वापरायचो, रीळ नाही, रॉड नाही, तर्जनीवर दोरी. तंगूस ताणली जाते, माशाचा हिसका पोटात घेते. तुटली तर तुटली, बोट शाबूत. इथे आल्यावर कौतुकानं ब्रेड घेतली. पहिल्याच वर्षी लुअर बुडालेल्या ओंडक्यात रुतला. मी दोरी पंजाला दोन वेढे मारून ओढली, जुनी सवय. करंगळीच्या पेराभोवती गोल काप, पातीचा कांदा चिरावा तसा. आधी रक्तच दिसेना, नुसती पांढरी रेघ, मग एकदम आलं. आजही लिंबू पिळताना आठवण होते.

उणे_तीस, तुमचं तेच गणित जरा तंगुसाला लावून दाखवा.

उणे_तीस

लावलं, आणि निकाल मला आवडलेला नाही. ३० पौंडाची मोनो, म्हणजे तंगूसच, तुटेपर्यंत २० टक्के ताणली जाते असं धरलं तर त्याच १० मीटरमध्ये १३३ ज्यूल गिळते. ऐंशीच्या ब्रेडच्या जवळजवळ दुप्पट. फेकीपुरते काका जिंकले.

हेवर्डवारी

फेकीपुरतेच. मासा कोण धरणार? तीस यार्डांवर मस्कीनं लुअर उचलला, तुम्ही हिसका दिला आणि तुमचा अर्धा हिसका तंगुसानंच खाल्ला. मस्कीचा जबडा हाडाचा, आपले गळ जाड तारेचे. तो गळ रुतायला धक्का तिथपर्यंत पोचायला हवा. ब्रेड नव्वदच्या दशकात हातात आली त्याआधी इथले जुने लोक डेक्रॉन वापरायचे, मोनो नव्हे, ते उगाच नाही. डेक्रॉन पण विणलेलीच दोरी, फक्त पॉलिएस्टरची आणि जाडजूड. ताण कमी, हे त्यांनाही हवंच होतं.

बोटाचं मात्र शंभर टक्के खरं. अडकलेली ब्रेड कधीही हाताला गुंडाळू नये. माझ्या बोटीत झाडूच्या दांड्याचा वीतभर तुकडा असतो, दोरी त्याला वेढे मारून ओढायची.

गरवणारा

चहा झाला. मुद्दा सुटला असं वाटत असेल तर तसं नाही. नोव्हेंबरचं काय? मिल लॅक्सवर बर्फ धरायच्या आधीचे ते दोन आठवडे, टलिबी मासे अंडी घालायला खडकांवर येतात आणि मागे मस्की. तेव्हा दोरी पाणी पिऊन येते, रॉडच्या कड्यांत पाणी गोठतं, दर चार फेकींनी कडी तोंडात धरून बर्फ वितळवावा लागतो. (बायकोनं हा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता.) जाड दोरी जास्त पाणी आणते. तेव्हा तरी ६५ बरी ना?

तळ्याकाठची

०.०२ मिलिमीटर.

तेव्हा दोरी जाड की बारीक यापेक्षा नवी की जुनी हे बघा. वरचा मेणाचा थर उडालेली दोरी फडक्यासारखी पाणी पिते. नोव्हेंबरसाठी नवी दोरी भरा.

आणि एक गोष्ट कोणी बोललेलं नाही म्हणून बोलते. आपण लुअर किती डॉलरचा गेला ते मोजतो. फेकताना तुटलेली दोरी तळ्यात जाते आणि ती पॉलिथिलीनची आहे, कुजत नाही. धक्क्यावरच्या पुनर्वापराच्या नळकांड्यांत फक्त मोनो आणि फ्लुरोकार्बन घेतात, ब्रेड घेत नाहीत. आमच्या तळ्यावर लून पक्ष्यांची एक जोडी दरवर्षी येते. दोन वर्षांपूर्वी त्यातल्या एकाच्या पायात हिरवी दोरी होती, पोहताना मागे शेपटीसारखी. आम्ही चौघं दुपारभर कयाकमधून मागे होतो, हाती लागला नाही. दोरी ६५ ची होती की ८० ची ते नाही कळलं. पण जी कमी वेळा तुटते ती माझी, मग अर्धा डॉलर जास्त पडला तरी चालेल.

हेवर्डवारी

माशाचंही तेच. मिनेसोटात २०१५ पासून मस्की ठेवायला ५४ इंच लागते, त्यामुळे जवळपास प्रत्येक मासा परत सोडायचाच असतो. लुअर तोंडात ठेवून दोरी तुटली तर तो नऊ-दहा इंचांचा धातूचा सांगाडा घेऊन फिरणार. आणि बारीक दोरी म्हणून हळूहळू खेळवत बसलात तर तो दमून मरतो, उन्हाळ्यात तर फारच. पाणी ८० फॅरनहाइटच्या वर गेलं की मी तर मस्कीला जातच नाही. पटकन बोटीपाशी आणा, पाण्यातच गळ काढा, सोडा.

नवशिक्या

मध्येच विचारतो, रागावू नका. मी कालच ८० ची भरली, सगळी ब्रेडच, थेट स्पूलला गाठ मारून. आता मासा ओढल्यासारखं केलं की रीळ फिरतं पण दोरी जागेवर! अख्खा गठ्ठाच स्पूलवर घसरतोय. रीळ खराब आलंय का? दुकानात परत नेऊ?

तळ्याकाठची

रीळ ठणठणीत आहे. ब्रेड गुळगुळीत असते, धातूवर धरत नाही. सगळी उतरवा. आधी स्पूलवर दहा-पंधरा यार्ड साधी मोनो गुंडाळा, तिला ब्रेड जोडा आणि मग ओल्या फडक्यातून घट्ट ओढत भरा. सैल भरलीत तर पुन्हा इथेच येऊन विचाराल. लीडरला पालोमर गाठ, आवळण्याआधी ओली करून.

नवशिक्या

धन्यवाद ताई! मोनो किती पौंडाची?

तळ्याकाठची

घरात असेल ती. तिच्यापर्यंत मासा पोचला तर आधी मला फोटो पाठवा.

देवबागचा_पाग

बघा, शेवटी तळाशी तंगूसच.

गरवणारा

बरं. रबर फेकायच्या रिळावर ८० भरतो. उणे_तीस यांच्या त्या रॉडच्या मुद्द्यानं मला रात्री झोप लागली नाही. पहाटे अंगणात उभा राहून रिकामा रॉड फेकून पाहिला आणि खरंच, शेवटी तो सरळ लुअरकडे बघत असतो. इतकी वर्षं लक्षात आलं नव्हतं.

बकटेलच्या (केसाळ, फिरत्या पात्याच्या लुअरच्या) रिळावर मात्र ६५ च राहणार. तीन औंसांचा लुअर, आणि फिरती पाती वाऱ्यात इतकी अडते की तो वेग पकडतच नाही. तिथे तुमचे ७१ ज्यूल येत नाहीत. हे गणित कोणी करून दाखवलं तर बघू. आणि १०० पौंडाला माझा विरोध कायम आहे. ट्रोलिंग करणाऱ्यांनी (चालत्या बोटीमागे लुअर ओढणाऱ्यांनी) घ्यावी, ते फेकतच नाहीत.

उणे_तीस

तीन औंस, तोच वेग धरला तरी २७ ज्यूल. बकटेल तुमचा.

गरवणारा

हे वाक्य कोणीतरी छापून मला द्या, बोटीत चिकटवतो.

हेवर्डवारी

चिकटवा. आणि ती जुनी ६५ टाकू नका, उलटी करून भरा. स्पूलच्या तळाची शंभर यार्ड कधी उजेडात आलेलीच नसतात. शनिवारी पहाटे पाचला धक्क्यावर. पाव आणा, खायचा.