लाजाळूला हात लावला की तिला दुखतं म्हणे

नेरूळचा नंदू
सोसायटीच्या ग्रुपवर काल पोस्ट फिरली: ‘लाजाळूला हात लावू नका, ती वेदनेने मिटते, मुलांना समज द्या.’ खाली चाळीसेक जोडलेले हात. तिथे तोंड उघडलं तर पुढच्या मीटिंगपर्यंत वैर चालेल, म्हणून इथे लिहितो.

पान मिटतं ते पाण्यामुळे. देठाच्या बुडाशी फुगीर गाठ असते, प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशीही तशीच बारीक. बोट लागलं की विजेचा संकेत गाठीपर्यंत जातो, तिच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम आणि क्लोराइड बाहेर पडतात, मागोमाग पाणी. ती बाजू पिचकली की पान मिटलं. थोड्या वेळाने पाणी परत भरतं, पान उघडतं. ना मेंदू, ना मज्जातंतू. लिफ्टच्या दारात हात घातला की तेही मागे सरतं. त्याचीही माफी मागू?

नौपाड्याची वहिनी
अहो नंदूभाऊ, आमच्या ग्रुपवर ती पोस्ट मीच टाकली होती. टोमणा पोचला.
जगदीशचंद्र बोसांनी यंत्रं लावून लाजाळूतले हे संकेत मोजले, तेव्हाही लोक असेच हसले होते. 2014 मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात लाजाळूच्या कुंड्या 15 सेंमीवरून परत परत खाली सोडल्या. आधी मिटली, मग कळलं की काही होत नाही, मिटायची थांबली. 28 दिवसांनीही तिच्या ते लक्षात होतं. लक्षात राहतं, पण दुखत नाही, हे तुम्ही कुठून ठरवलंत?

नेरूळचा नंदू
दमली असेल!

नौपाड्याची वहिनी
त्याच प्रयोगात हलवून बघितली, मिटली. दमलेली मिटेल का?

नेरूळचा नंदू
धक्का जोराचा बसला की मिटणारच. यावर शास्त्रज्ञांतही वाद आहे, तुम्ही निकाल लावून मोकळ्या.

येऊरचा भटक्या
दोघंही एका तणासाठी भांडताय. लाजाळू मूळची दक्षिण आणि मध्य अमेरिकेतली, इथे काट्यांसकट माजलीय. खुशाल उपटा. पावसाळ्यात येऊरला या, वाटेच्या कडेला बोटभर उंचीची लाजरी दाखवतो. माडाच्या शेंड्यासारखा पानांचा झुपका, पिवळी फुलं. तीही मिटते, पण सावकाश.

घोडबंदरचा बाप
उपटायला हवी ना आधी! आमच्याकडे सगळीकडे पेव्हर ब्लॉक, वर हिरवं प्लास्टिकचं गवत. डास होतात म्हणून कमिटीने माती बुजवली. परवा लॉबीत एक वाणी आला, तो पुष्कळ पायांचा किडा. माझी सात वर्षांची मुलगी किंचाळली, म्हणे साप. मी काडी लावली, त्याने पाय पोटात घेऊन गुंडाळी केली, अगदी चकलीसारखी. आम्ही दोघं उकिडवे बसून राहिलो. दोनेक मिनिटांनी मिशा बाहेर आल्या, मग पाय लाटेसारखे हलायला लागले. तेवढ्यात हाउसकीपिंगवाला आला आणि फिनाइलची बादली ओतली. मुलगी रात्री जेवली नाही.

कमिटी मेंबर (एकेकाळचा)
माती बुजवली म्हणून बोंब मारणं सोपं आहे. डेंग्यू झाला की पहिला फोन कोणाला येतो?

घोडबंदरचा बाप
डास पाण्यात होतात साहेब, मातीत नाही. टाकीचं झाकण वर्षभर तुटलंय ते बघा.

कमिटी मेंबर (एकेकाळचा)
दोन वर्षं फुकट राबलो, वर शिव्या. माळ्याच्या पगाराचा विषय निघाला की हेच लोक मेंटेनन्स थकवतात.

येऊरचा भटक्या
वाणी कुजका पाला खातो, त्याची माती करतो. चावत नाही. फिनाइल कसलं ओतता?

नौपाड्याची वहिनी
मूळ मुद्दा राहू द्या, तुमचं फिनाइल चालू द्या.
नंदूभाऊ, एकच सांगते. सासरे पक्षाघाताने बेशुद्ध होते. चिमटा काढला की बोट हलायचं. डॉक्टर म्हणाले, ही नुसती प्रतिक्रिया, त्यांना काही कळत नाहीये. तीन आठवड्यांनी बोलायला लागले तेव्हा पहिलं वाक्य: ‘ती चिमटे काढणारी बाई नको.’ तेव्हापासून ‘नुसती प्रतिक्रिया’ म्हटलं की माझं डोकं फिरतं.

नेरूळचा नंदू
वहिनी, यावर मी काय बोलणार? पण सासऱ्यांना मेंदू होता, लाजाळूला नाही, एवढं तरी मान्य करा.

बरं, तुमच्या बाजूचं एक मीच देतो. मिटण्याचा तिला उपयोग आहे. जपानी संशोधकांनी 2022 मध्ये दाखवलं की मिटता न येणारी लाजाळू टोळ जास्त खातात. आणि मिटलेल्या पानाला ऊन कमी लागतं, म्हणजे अन्नही कमी तयार होतं. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांनी बोटं लावली तर झाड उपाशीच राहणार. तेव्हा पाटी लावा. फक्त ‘वेदना’ काढा.

नौपाड्याची वहिनी
‘उपाशी’ चालतं, ‘वेदना’ चालत नाही. कमाल आहे तुमच्या विज्ञानाची. लिहिते ‘उपाशी’.

घोडबंदरचा बाप
पाटीचं जमलं. फिनाइलवाल्याशी कोण बोलणार?